खुर्ची, दिवा आणि गादीचा मोर्चा

जगात मोर्चे काढणारी माणसं पुष्कळ असतील, पण दरवर्षी ठरल्या शनिवारी, ठरल्या रस्त्याने, घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची खांद्यावर घेऊन मोर्चा काढणारा आणि तो दोन मिनिटं उशिरा निघाला म्हणून स्वतःवरच चिडणारा माणूस एकच. तो म्हणजे माझ्या बायकोचे आतोबा. त्यांच्यासमोर 'मोर्चाची परवानगी' असा शब्द चुकून जरी कुणी काढला तरी ते हातातला चहा खाली ठेवतात. "परवानगी नाही, जावईबापू. नोंद. नागरिक परवानगी मागत नाही, कळवतो." असं म्हणून ते चहा पुन्हा उचलतात, आणि तोपर्यंत तो निवलेला असल्यामुळे त्याचाही दोष समोरच्याकडे जातो.

आतोबा मूळचे मिरजेचे. तरुणपणी इंजिनियर म्हणून म्युनिकला आले ते इथलेच झाले. त्यांचं मराठी मात्र ज्या दिवशी मिरज सोडलं त्या दिवशी होतं तिथेच थांबलं, आणि पुढची भर सगळी जर्मन पडली. त्यामुळे 'तसबीर', 'बिऱ्हाड', 'गडबड करू नका' हे एका बाजूला आणि 'आल्झो', 'गेनाऊ', 'मीटफरट्राग' हे दुसऱ्या बाजूला, असं त्यांचं बोलणं दोन रुळांवरून चालतं. आल्झो म्हणजे 'तर मग', गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर', आणि मीटफरट्राग म्हणजे भाडेकरार. तो शब्द ते इतर लोक नातवंडांची नावं घेतात तशा मायेने घेतात.

आम्ही पुण्याहून नोकरीसाठी म्युनिकला आलो तेव्हा पहिल्याच रविवारी ते आम्हाला शहर दाखवायला घेऊन गेले. मला वाटलं, राजवाडा दाखवतील, बागा दाखवतील. आतोबांनी आम्हाला घरं दाखवली. एका पिवळ्या इमारतीसमोर उभे राहून म्हणाले, "इथे मला तीनदा नकार मिळाला. तिसऱ्या वेळी घरमालकीणबाईंनाच रडू आलं, मग मीच त्यांची समजूत घातली." पुढच्या चौकात दुसरं घर. "इथे म्हणाले, तुमच्या स्वयंपाकाचा वास येईल. मला तेव्हा पाणी उकळायला येत नव्हतं. मी पाव खाऊन राहत होतो." नदीच्या बाजूला एक देखणं घर होतं, त्याच्याकडे पाहून ते थोडे हळवे झाले. त्या घरमालकाने विचारलं होतं, वाद्य वाजवता का? आतोबा प्रामाणिकपणे नाही म्हणाले. मालक म्हणाला, अरेरे, आम्हाला संगीतप्रेमी भाडेकरू हवा होता. धडा घेऊन आतोबांनी पुढच्या घरी आपण होऊन सांगितलं की मी पेटी वाजवतो. तो मालक म्हणाला, मग नको, आम्हाला शांतता लागते. हे सगळं सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. लोक आपल्या जुन्या शाळा दाखवतात, त्या आपुलकीने ते आपले नकार दाखवत होते. चार तासांत आम्ही शहराचा निम्मा भाग पाहिला आणि एकाही घरात आतोबांना जागा मिळाली नाही. शेवटी माझी आठ वर्षांची ईरा थकून म्हणाली, "पापा, हे शेवटी कुठे राहिले तरी का?"

टेलिफोनचा प्रकार तर त्यांनी एखाद्या शास्त्रीय प्रयोगासारखा केला होता. जाहिरात पाहून आधी आपल्या कारखान्यातल्या जर्मन मित्राला फोन करायला लावायचं. खोली रिकामी असायची. मग लगेच आपण करायचा. खोली गेलेली असायची. या दोन फोनमधलं अंतर कमी कमी करत त्यांनी ते एका मिनिटाच्या आत आणलं होतं. "इतक्या वेळात माणूस जिना चढून वर पोहोचत नाही, जावईबापू, आणि खोली गेलेली!" त्यांना त्या वेगाचं अजूनही कौतुक वाटतं.

आता स्वतःचं तीन खोल्यांचं घर असूनही आतोबा रोज सकाळी भाड्याच्या जाहिराती वाचतात, त्याही मोठ्याने. शनिवारी लोक बाजारात जातात, आतोबा बेझिश्टिगुंगला जातात. बेझिश्टिगुंग म्हणजे रिकामं घर बघायला बोलावणं. म्युनिकमध्ये एका घराला पन्नास-साठ माणसं येतात, जिन्यातून खाली फुटपाथपर्यंत रांग लागते, प्रत्येकाच्या हातात आपल्या सद्गुणांची फाईल. आतोबा त्या रांगेत उभे राहतात, घर नको असताना. पेपरमिंटच्या गोळ्या वाटतात. कुणाच्या फाईलमधलं पत्र वाचून "इथे 'मी शांत आहे' असं लिहू नका, संशय येतो" असा सल्ला देतात. आणि आपला नंबर आला की दलालाला नम्रपणे विचारतात, "तुम्ही नावं वाचून किती पत्रं बाजूला टाकलीत?" एका दलालबाईंनी त्यांना शेवटी ओळखून ठेवलं आणि त्या दारातच म्हणाल्या, "आज तुम्ही नको." आतोबा त्या दिवशी फार खुशीत घरी आले. म्हणाले, "इतक्या वर्षांनी पुन्हा नकार मिळाला. तरुण वाटलं."

पण हे सगळं ज्यातून आलं तो मूळ मोर्चा आधी सांगायला हवा.

आतोबांचं लग्न झालेलं होतं आणि आत्या मिरजेला होत्या. बायकोला इथे आणायचं तर आधी पुरेशी जागा दाखवा, असा नियम. जागा कुणी देत नाही. घर नाही म्हणून बायको नाही, आणि एकट्या परदेशी पुरुषाला घर द्यायला लोक घाबरतात, म्हणजे बायको नाही म्हणून घर नाही. अशी दोन वर्षं गेली. कामगारांच्या वसतिगृहात त्यांच्या खोलीत चार जण राहत. त्यात एक तुर्की सुतार होता, एक ग्रीक वेल्डर होता. त्या सगळ्यांची हीच कथा. तेव्हा त्यांना संध्याकाळी जर्मन शिकवायला येणाऱ्या एका मास्तरीणबाईंनी मोर्चाची कल्पना काढली. आणि फलक लिहिण्याइतकं जर्मन कुणालाच धड येत नसल्यामुळे तुर्की सुताराने सुचवलं की आपण सामानच घेऊन जाऊ. प्रत्येकाने पुढेमागे घर मिळेल या आशेवर काही ना काही घेऊन ठेवलं होतं. कुणी पाळणा घेतला होता, कुणी आरसा. आतोबांनी आत्यांसाठी एक खुर्ची घेतली होती. शेकडो माणसं खुर्च्या, दिवे, गाद्या, पाळणे खांद्यावर घेऊन वसतिगृहापासून मोठ्या चौकापर्यंत चालत गेली. "लोकांना दिसू दे," आतोबा सांगतात, "की आमच्याकडे खुर्ची आहे. ठेवायला फरशी नाही."

त्या मोर्चाने शहर किती बदललं याबद्दल आतोबा दर वर्षी वेगळं मत देतात. पण त्यांना घर मिळालं ते त्यातूनच. फुटपाथवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना थांबवलं, खुर्चीच्या पायावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "लाकूड कशाने पुसता?" आतोबा म्हणाले, जवसाच्या तेलाने. बाई म्हणाल्या, "उद्या या. माझी पोटमाळ्याची खोली आहे." तीन महिन्यांनी आत्या विमानतळावर उतरल्या.

तेव्हापासून दरवर्षी त्या मोर्चाची आठवण म्हणून मोर्चा. पहिली काही वर्षं बरीच माणसं येत. मग तुर्की सुतार इझमीरला परत गेला, वेल्डरचे गुडघे गेले, मास्तरीणबाई वारल्या. शेवटची सात-आठ वर्षं आतोबा आणि आत्या दोघंच चालत. आतोबा पुढे खुर्ची घेऊन घोषणा देत आणि आत्या मागे दिवा घेऊन, दर सिग्नलला "अहो, हळू" म्हणत. चौकात आतोबा खुर्चीवर उभे राहून भाषण करत. श्रोते म्हणजे आत्या आणि कबुतरं. आत्यांना ते भाषण इतकं पाठ होतं की आतोबा अडले की त्या खालून पुढचा शब्द सांगत. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आत्या गेल्या.

वसंतात आतोबांचा फोन आला. "जावईबापू, आल्झो, शनिवारी तुमचं काय आहे?"

शनिवारी माझं बरंच काही होतं. धुणं होतं, ईराचं पोहणं होतं. मी ते सगळं सांगायला सुरुवात केली तेवढ्यात ते म्हणाले, "कायद्याने मोर्चाला कमीत कमी दोन माणसं लागतात. एक असला तर ते फिरायला जाणं होतं." मी फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. मेघना कपड्यांच्या घड्या घालत होती. ती वर न बघता म्हणाली, "जा रे. आत्या असती तर तिने तुला विचारलंही नसतं."

आतोबांनी महापालिकेला पाठवायचं नोंदीचं पत्र मला वाचून दाखवलं. अपेक्षित सहभागी: दोन. साहित्य: एक खुर्ची, एक उभा दिवा, एक गादी. ध्वनिवर्धक: नाही, आवाज स्वतःचा. मोर्चाचे प्रमुख आतोबा होते. मी व्यवस्था ठेवणारा स्वयंसेवक, दंडाला पांढरी पट्टी बांधून. मी विचारलं, "मग जनता कोण?"

"आलटून पालटून," आतोबा म्हणाले.

शनिवारी सकाळी दहाला आम्ही जुन्या वसतिगृहाच्या जागी जमलो. जमलो म्हणजे मी आलो, ते आधीच होते. तिथे आता काचेची महागडी घरं उभी आहेत. आतोबांच्या खांद्यावर तीच खुर्ची होती, माझ्या डोक्यावर ईराच्या पलंगाची गादी आणि काखेत आत्यांचा दिवा. बंदोबस्ताला एक पोलीसगाडी आली होती. तिच्यातून एक तरुण पोलीसबाई उतरल्या आणि त्यांचे वयस्कर सहकारी गाडीतच बसून राहिले. म्हणजे मोर्चेकरी दोन आणि पोलीस दोन, असा मुकाबला अगदी बरोबरीचा होता. पोलीसबाईंनी आमच्याकडे, सामानाकडे आणि हातातल्या कागदाकडे पाहून विचारलं, "उमझुग की उमझुग?" जर्मनमध्ये मिरवणुकीलाही उमझुग म्हणतात आणि घर बदलण्यालाही. आतोबा ताठ उभे राहून म्हणाले, "पहिला. दुसरा न झाल्यामुळे." त्या बाईंनी तसं वहीत लिहून घेतलं असावं, कारण त्या बराच वेळ लिहीत होत्या.

आम्ही निघालो. आतोबा ओरडले, "घर सगळ्यांना!" मी गादीच्या आतून काहीतरी पुटपुटलो. "जावईबापू, जनता व्हा!" मी जरा मोठ्याने ओरडलो. मागून पोलीसगाडी चालण्याच्या वेगाने घरंगळत येत होती. पहिल्या सिग्नलला आतोबा खुर्ची खाली ठेवून तिच्यावर बसले, हिरवा झाल्यावर उठले. दुसऱ्या सिग्नलला मी हात दुखला म्हणून दिवा फुटपाथवर टेकवला. या शहरात नको असलेल्या वस्तू लोक फुटपाथवर ठेवतात आणि ज्याला हव्या तो घेऊन जातो. एका सद्गृहस्थांनी दिवा उचलला, त्याची शेड झटकली आणि समाधानाने चालू लागले. आतोबा खुर्चीसकट त्यांच्या मागे धावले. "थांबा! तो ऐतिहासिक आहे!" शेवटी पोलीसबाईंनी दिवा परत आणून दिला आणि सल्ला दिला की इतिहास हातात धरून ठेवा.

घोटाळा त्यानंतर झाला, आणि तो मी केला. बाबागाडी ढकलणारी एक बाई माझ्या बाजूने चालू लागली आणि हळूच म्हणाली, "हे सामान कुठून निघालं?" मी खरं ते सांगितलं, यांच्या घरातून. "किती खोल्या?" तीन. "बाल्कनी?" आहे. तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं, बाल्कनीची आवड असेल. ती मागे राहिली नाही, आमच्याबरोबर चालत राहिली. फोनवर कुणाशी तरी बोलली. पुढच्या कोपऱ्यावर तिचा नवरा येऊन मिळाला, त्याच्या हातात फाईल होती. मग सायकलवरून उतरलेले दोन विद्यार्थी, मग हॉस्पिटलच्या कपड्यांतली एक परिचारिका, मग एक टाय लावलेला गृहस्थ. कुणीतरी सामान घेऊन निघालं आहे म्हणजे कुठेतरी घर रिकामं झालं आहे, हा हिशोब म्युनिकमध्ये कुणालाही क्षणात करता येतो. दहा मिनिटांत आमच्यामागे तीस-पस्तीस माणसं चालत होती. त्यांतले निम्मे फाईल छातीशी धरून, आणि सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत.

आतोबांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांची खुर्ची खांद्यावरून घसरली. "जावईबापू," ते म्हणाले, "लोक जागे झाले."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतकी वर्षं कबुतरांसमोर बोललेल्या माणसाला मी गादीखालून काय सांगणार? पोलीसबाई वायरलेसवर कळवत होत्या की दोघांची नोंद आहे आणि चाळीस झाले आहेत. कळवून झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता मला पकडणार. त्या इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "तळघर आहे का? सायकल ठेवायची असते."

चौकात पोहोचल्यावर मी खुर्ची धरली आणि आतोबा तिच्यावर चढले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर कान देऊन ऐकणारा जमाव होता. त्यांनी वसतिगृहाची खोली सांगितली, टेलिफोन सांगितला, मिरजेला वाट बघणाऱ्या बायकोबद्दल सांगितलं. एका ठिकाणी ते अडले. सवयीने त्यांनी खाली पाहिलं. खाली मी होतो, मला पुढचा शब्द माहीत नव्हता. तेवढ्यात मागून टायवाल्या गृहस्थाचा आवाज आला, "ते सगळं ठीक आहे हो, पण घर कुठे आहे?"

आतोबांचा चेहरा उजळला. "गेनाऊ!" ते हात उंचावून ओरडले. "घर कुठे आहे?"

बाबागाडीवाली बाईही चिडून ओरडली, "हो, घर कुठे आहे?" विद्यार्थी ओरडले, परिचारिका ओरडली. आतोबा दर वेळी वरून "घर कुठे आहे?" म्हणत आणि खालून तीस-पस्तीस माणसं जीव तोडून तेच विचारत. ते घोषणा म्हणून ओरडत होते, लोक पत्ता म्हणून विचारत होते. पर्यटकांनी फोटो काढले. त्या चौकात इतकी मनापासून दिलेली घोषणा मी कधी ऐकली नाही.

शेवटी मला राहवलं नाही. मी गादी खाली टाकली आणि खरं सांगून टाकलं, की घर रिकामं झालेलं नाही, ते ह्यांचं स्वतःचं आहे, ही फक्त एका जुन्या मोर्चाची आठवण आहे. मला वाटलं, आता आमच्यावर फायली फेकून मारतील. आतोबांनी खुर्चीवरूनच शांतपणे विचारलं, "तुमच्यापैकी घर शोधतंय कोण?" सगळे हात वर गेले. पोलीसबाईंचा हात अर्धा वर जाऊन परत आला. "किती दिवस?" मग एकेक जण बोलायला लागला. सात महिने. बहिणीच्या दिवाणखान्यात दीड वर्ष. परिचारिकेचं आडनाव लांबलचक आणि परदेशी होतं. ती म्हणाली, माझ्या नावाने ईमेल केली की उत्तर येत नाही, माझी जर्मन मैत्रीण तीच ईमेल पाठवते तेव्हा दुसऱ्या दिवशी बोलावणं येतं. हे ऐकून आतोबा खुर्चीवरून उतरले. उतरताना मी हात दिला, तो त्यांनी सोडला नाही.

आणि मग टायवाला म्हणाला, रागाने नाही, सहज: "तीन खोल्यांत तुम्ही किती जण राहता?"

लोक पांगायला लागले, पण जाताना एकाने आपली फाईल आतोबांच्या हातात ठेवली, असू दे, कुणी सांगावं. ते पाहून दुसऱ्याने ठेवली. शेवटी गादीवर फायलींचा ढीग झाला आणि आम्ही तो गादीसकट उचलून घरी नेला. वाटेत आतोबा सिग्नल लाल असतानाही बसले नाहीत.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितल्यावर माणूस बोलतो तशा आवाजात ते म्हणाले, "जावईबापू, मला तीन खोल्या आहेत." मी म्हणालो, हो, माहीत आहे. "मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "म्हणजे माहीत होतं. पण ती खोली तिची होती." मग म्हणाले, "आल्झो, आपण बेझिश्टिगुंग ठेवू. पण न्यायाने."

न्यायाने म्हणजे काय हे पुढच्या आठवडाभरात आम्हाला कळलं. फायली उघडायच्या, तर नावं आणि फोटो दिसणार. म्हणून मेघनाने फायलींतून ईमेलचे पत्ते उतरवून घेतले आणि तेवढा वेळ आतोबा भिंतीकडे तोंड करून बसले. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, पगार तर नाहीच. "मग निवडणार कसं, आतोबा?" मेघनाने विचारलं. "निवडायचं त्यांनी," ते म्हणाले. "मला." आणि त्यांनी स्वतःचीच फाईल तयार केली. पहिल्या पानावर तरुणपणीचा फोटो. मेघनाने तो काढून आत्ताचा लावला. खाली लिहिलं होतं: मी धूम्रपान करत नाही. वाद्य वाजवत नाही, वाजवणाऱ्याला हरकत नाही. माझ्या स्वयंपाकाचा वास येतो. दोष: सकाळी जाहिराती मोठ्याने वाचतो. या फाईलच्या तीस प्रती काढून त्यांनी जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकेक दिली, सोबत कागदी बशीत पोहे दिले, आणि आपण खुर्चीवर बसून मुलाखतीला तयार झाले. एका विद्यार्थ्याने विचारलं, घोरता का? आतोबांनी अनेक वर्षांच्या सत्यनिष्ठेने सांगितलं, "त्याची साक्ष देणारी आता नाही."

बऱ्याच जणांना अख्खं घर हवं होतं, त्यांना एका खोलीचा उपयोग नव्हता. ते पोहे खाऊन, आतोबांना शुभेच्छा देऊन गेले. उरलेल्या अकरा जणांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या, नावांच्या नव्हे, आकड्यांच्या. मेघनाने चिठ्ठी काढली. चार. पिवळ्या रेनकोटातली, बारीक कापलेल्या केसांची एक मुलगी पुढे आली. आतोबांनी तिचं अभिनंदन केलं आणि ती म्हणाली, "आभारी आहे, मोर्चाचे प्रमुख."

आतोबा तिच्याकडे बघत राहिले. गणवेशाशिवाय त्यांनी तिला ओळखलंच नव्हतं. मग त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "जावईबापू! मोर्चाच्या नेत्याच्या घरात पोलीस?"

मेघना मागून आली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, कोण आहे ते बघायचं नाही?"

आतोबांनी हातातल्या पोह्यांच्या डावाकडे बराच वेळ पाहिलं. "गेनाऊ," ते शेवटी म्हणाले, आणि बाहेर जाऊन त्यांनी तिला दुसऱ्यांदा पोहे वाढले.

चौकात फायलींच्या त्या ढिगात तिनेही गुपचूप आपला एक कागद सरकवला होता. ती ड्रेस्डेनकडची होती. तिकडच्या बोलीचा हेल फोनवर कळला की इथली माणसं हसतात आणि घर गेलेलं असतं, असं तिने सांगितलं. कामावर यायला तिला रोज दीड तास लागत होता. आतोबांनी लगेच विचारलं, हसल्यापासून घर जाईपर्यंत साधारण किती वेळ? तिने कधी मोजला नव्हता. पुढचा अर्धा तास दोघं त्यावर बोलत होती.

आत्यांची खोली आतोबांनी एकट्याने रिकामी केली. मी मदतीला येतो म्हटलं तर नको म्हणाले. तीन दिवस लागले. एका लहानशा खोलीला तीन दिवस का लागले ते आम्ही विचारलं नाही. चौथ्या दिवशी मी आणि मेघना गेलो तेव्हा खिडकी उघडी होती, पलंगावर नवी चादर होती, आणि आतोबा जमिनीवर बसून कपाटाचा खालचा खण पुसत होते, जो आधीच स्वच्छ होता. त्यानंतरच्या वर्षी मोर्चाला त्या मुलीने रजा टाकली आणि गादी तिने घेतली. बंदोबस्ताला तिचेच वयस्कर सहकारी होते. त्यांना आतोबांनी सकाळी निघण्यापूर्वी घरीच चहा पाजला, त्यामुळे मोर्चा आणि बंदोबस्त एकाच दारातून निघाले.

गेल्या वर्षी मेघनाला ड्युसेलडॉर्फला चांगली नोकरी मिळाली. तिथे घर शोधायला आम्हाला पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांत मी आतोबांना रोज फोन करत होतो. नकार आला की ते मनापासून खूश व्हायचे आणि कारण वहीत लिहून घ्यायचे. शेवटी घर मिळालं. किल्ली हातात आली त्या दुपारी मी एकटाच रिकाम्या खोल्यांत उभा होतो, सामान अजून रस्त्यात होतं. मी आतोबांना फोन लावला.

"मिळालं? आल्झो, छान," ते म्हणाले. मी विचारलं, तुमचं कसं चाललंय? "बरं आहे. सकाळी कुणीतरी नळ सोडतं, जावईबापू. मी पडून ऐकतो. मग कुणीतरी चहाचं आधण ठेवतं. तेही ऐकतो. उठायची घाई करत नाही." मागे दार वाजल्याचा आवाज आला. "आली ती. चपला कुठे काढायच्या ते अजून तिला सांगावं लागतं. ठेवतो हं."

पण फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मला त्यांचं घर ऐकू येत राहिलं. चपलांवरून जर्मनमध्ये चाललेला वाद, मग भांड्यांचा आवाज, मग तिने काहीतरी विचारलं आणि आतोबा मराठीत म्हणाले, "थांब, आधी बस." मी माझ्या नव्या घराच्या उघड्या फरशीवर भिंतीला टेकून बसलो, आणि तिकडचं बोलणं दुसऱ्या खोलीत निघून जाईपर्यंत फोन कानाशी धरून ठेवला.